हल्वरने सोडून दिलेला थोरला

माझ्या भावाला, हल्वरला, मूस हे सांबरासारखं थोराड जनावर जितकं कळत होतं तितकी माणसं कळली असती तर त्याचं लग्न झालं असतं आणि आमच्या घरचं हे असं झालं नसतं. आता तो गप्प बसून असतो आणि मला त्याचा राग येतो. मग त्याची कीव येते, आणि कीव आली की परत रागच येतो.

आयुष्यभर त्याने लाकूडतोडीचं काम केलं. उत्तर स्वीडनमधल्या वेस्टरबॉटनच्या या भागात दुसरं करायला आहे काय? अंगाने वाळका, नाकाने लांब, बोलायला कंजूष. कुणी विचारलं, "काय हल्वर, कसं काय?" तर आधी आभाळाकडे बघणार आणि मग म्हणणार, "चाललंय." एवढ्याशा उत्तराला आभाळ कशाला बघायचं? पण शिकारीच्या टोळीचा म्होरक्या कोण, तर तोच. वर्षानुवर्षं तोच. दुसरं कुणाचं नावसुद्धा निघायचं नाही.

सप्टेंबरचा पहिला सोमवार, मूसच्या शिकारीचा पहिला दिवस, म्हणजे आमच्याकडे सण. त्या आठवड्यात सुतार मिळत नाही, नळवाला मिळत नाही, पाद्रीबाबासुद्धा बंदूक घेऊन पसार. दाढ दुखणार असेल तर तिने आधी दुखून घ्यावं. आणि या सणाची तयारी हल्वर उन्हाळ्यापासून करायचा. मी दलदलीत पिवळ्या बेरी वेचायला जायचे, तर हा बाबा कुठेतरी ओणवा होऊन लेंड्या चिवडत बसलेला दिसायचा. बर्चचे कोवळे शेंडे किती उंचीपर्यंत खाल्लेत, चिखलात मागच्या लहान खुरांचे ठसे उमटलेत का, पाइनच्या कुठल्या रोपावर शिंगं घासून साल सोललीय, सगळं बघायचा. शिंगांवरची मखमल झाडाला लोंबत असली की बोट लावून बघायचा, ओली की सुकी. तरुण पोरांनी जंगलात कॅमेरे लावले तेव्हा हल्वर म्हणाला, "लावा की. मूसचे फोटो काढा, आल्बम करा." बस्स, एवढंच.

त्याने त्या एका नराला थोरला असं नाव ठेवलं होतं. डोक्यावर नुसते दोन खुंट होते तेव्हापासून तो त्याला बघत आला होता. पुढे शिंगं फावड्याएवढी रुंद झाली, मान बैलासारखी जाड झाली, आणि थोरला शहाणा झाला. शिकारीच्या दिवसांत कुठे नाहीसा व्हायचा कुणास ठाऊक. टोळीतला प्रत्येकजण त्याची स्वप्नं बघायचा.

आणि सगळ्यांत जास्त बघायचा माझा नवरा, अल्गोत.

अल्गोत आणि हल्वर शाळेपासूनचे जिवलग. माझं लग्न जमलं ते त्या मैत्रीतूनच. अल्गोत आमच्याकडे माझ्यासाठी यायचा की हल्वरसाठी, हे मला लग्नानंतरही नीट कळलं नाही. अल्गोत हसरा, बडबड्या, गाणारा. टोळीत त्याचं काम कुत्र्याचं. कुत्र्याला दोरीने धरून जंगलातून चालायचं, मूस उठवायचा आणि पुढे दबा धरून बसलेल्यांच्या दिशेने हळूहळू सरकवायचा. घाम याचा आणि बार दुसऱ्याचा. प्रत्येकाच्या गोठ्याच्या भिंतीवर मोठी शिंगं टांगलेली, आमच्या भिंतीवर कॅलेंडर. लोक चिडवायचे, "अल्गोत, तू आम्हाला वाढतोस आणि स्वतः उपाशी राहतोस!" तो हसायचा. पण घरी आल्यावर म्हणायचा, "इर्मा, एकदा तरी मी बसेन गं दबा धरायच्या जागेवर."

मग त्याचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी चालणं बंद केलं, कुत्रं आनेलीने घेतलं. आनेली म्हणजे शेजारची, पोरगी चांगली तगडी आहे. अल्गोत त्या वर्षी पहिल्यांदाच जागेवर बसणार होता, आणि शेवटचाच, हे आम्हा दोघांना माहीत होतं. हल्वरलाही माहीत होतं. मी स्वतः सांगितलं होतं त्याला.

शिकारीच्या आदल्या दुपारी हल्वर आमच्याकडे कॉफीला आला. मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कपात चीजचे तुकडे घातले, वर गरम कॉफी ओतली. हल्वरचे डोळे चमकत होते.

"थोरला दलदलीच्या पलीकडे आहे," तो म्हणाला. "सकाळी दोन डबक्यांच्या मधल्या घट्ट जमिनीवरून येतो. तिथे ठसे नुसते पडलेत. तिथे जो बसेल, त्याच्या समोर येऊन उभा राहील."

अल्गोतने कप खाली ठेवला. मी त्याच्याकडे बघितलं. 

"हल्वर," तो म्हणाला, "ती जागा मला दे."

"चकत्या काढू ना उद्या."

"चकत्या राहू दे रे. एकदाच."

आता हे चकत्यांचं प्रकरण. आमच्या टोळीत जागा म्होरक्या वाटत नाही. बर्चच्या फांदीच्या पातळ चकत्या केलेल्या आहेत, प्रत्येकीवर एकेका जागेचं नाव. त्या जुन्या कॉफीच्या किटलीत टाकायच्या, आणि ज्याच्या हाताला जी लागेल ती त्याची. मांसाचे वाटेही तसेच. ढीग मांडतात, एकजण ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि भिंतीकडे तोंड करून उभा असलेला दुसरा नाव घेतो. म्हणजे कुणी कुणाला बोल लावायला नको. कारण फार पूर्वी एकदा हल्वरने आमच्या चुलतभावाला चांगली जागा दिली होती, तर अर्धी टोळी दोन हंगाम त्याच्याशी बोलली नाही. दुकानात तो शिरला की पाठ फिरवायचे मेले. त्या दिवसापासून हल्वरने किटली आणली आणि किटलीलाच देव मानलं.

"तू माझा मेव्हणा आहेस," हल्वर म्हणाला. "तुला दिली तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग मी मरायला टेकलोय."

"असं काही बोलू नकोस."

"मग काय बोलू? खरंच टेकलोय."

हल्वरने खिडकीतून आभाळ बघितलं. मला वाटलं उठून त्याचं मुंडकं धरून खाली वळवावं. "नियम तो नियम, अल्गोत," तो म्हणाला. अल्गोत लगेच हसला, "बरं बाबा, किटली महाराजांची मर्जी!" आणि विषय संपला. संपला कसला, दाबला.

सकाळी शिकारघराच्या ओसरीवर सगळे जमले. मी मांस कापायच्या सुऱ्या घेऊन तिथेच होते. किटली फिरली. आणि कर्म बघा, दलदलीवरची ती जागा स्वतः हल्वरच्याच हाताला लागली. अल्गोतला तिच्या मागची लागली, जुन्या लाकूडतोडीच्या उघड्या पट्ट्याच्या कडेला लाकडी मचाण आहे ती. हल्वरला चुकवून जे जनावर पुढे जाईल ते तिथून जाणार.

अल्गोतने आपली चकती बघितली, त्याची बघितली आणि सगळ्यांसमोर थट्टेच्या सुरात म्हणाला, "काय म्होरक्या, बदलतोस का?"

सगळे हसले. हल्वर हसला नाही. "तुझ्यापासून सुरुवात केली तर कुठे थांबू?" तो म्हणाला.

अल्गोतने मान हलवली, बंदूक घेतली आणि पाय ओढत चालू लागला. मचाणाच्या शिडीवर त्याला आनेलीने वर चढवलं, असं ती मला नंतर म्हणाली. वर पोचल्यावर बराच वेळ नुसता धापा टाकत होता.

पुढे काय झालं ते मला दोन तुकड्यांत कळलं, दोन वेगवेगळ्या माणसांकडून, आणि तेही उशिरा. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं की आनेलीने मूस उठवला, थोरला होता, तो दलदलीच्या दिशेने गेला, आणि नंतर काहीच नाही. बार नाही. दुपारी सगळे परतले.

"माझ्या पुढ्यात फांदी आली," हल्वर म्हणाला.

"माझ्या पाठीमागून गेला," अल्गोत म्हणाला. "मान वळेपर्यंत गायब."

मग काय विचारता! "दोन म्हाताऱ्यांच्या मधून घर चालत गेलं आणि दोघांना दिसलं नाही!" कुणी चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला, कुणी म्हणालं पुढच्या वर्षी थोरल्याच्या गळ्यात घंटा बांधू. दोघेही खाली मान घालून हसत होते. आठवड्याभराने थोरल्याला नदीपलीकडच्या टोळीने मारलं. शिंगं बघायला आमच्याकडचे सगळे गेले. हे दोघे गेले नाहीत.

अल्गोत त्यानंतर बिछान्यालाच खिळला. पाणी भरलं छातीत. दवाखान्यात एके सकाळी माझा हात धरून म्हणाला, "इर्मा, थोरला माझ्या पाठीमागून गेला नव्हता."

"मग?"

"समोर उभा होता. आडवा, स्वच्छ. बंदूक खांद्याला लावलेली होती माझी."

"अरे, मग ओढला का नाहीस घोडा?"

"तो हल्वरकडून आला होता. सावकाश, चरत. म्हणजे हल्वरच्या समोर तो उघड्यावर उभा राहिला असणार. हल्वर चुकायचा नाही. त्याने मुद्दाम सोडला." दम खाऊन तो पुढे म्हणाला, "खुंट होते तेव्हापासून बघतोय तो त्याला. जीव जडला असेल. त्याच्याने मारवला नाही, तर मी कसा मारू? म्हटलं, जगू दे बिचारा. हल्वरला बरं वाटेल."

"त्याला सांगितलंस का?"

"वेडी की काय? फांदी आली म्हणाला ना तो. लाजला असेल. कशाला त्याला उघडं पाडू."

बर्फ पडायला लागलं तेव्हा अल्गोत गेला.

हल्वर रोज येऊन माझ्या दारातलं बर्फ काढायचा. बोलायचा नाही, आत यायचा नाही. एके दुपारी मीच दार उघडून ओरडले, "फावडं ठेव आणि आत ये, शेजारी म्हणतात मी भावाला नोकर ठेवलाय." आला. टोपी हातात घेऊन बसला. कॉफी पुढे ठेवली तर तिच्याकडे बघेचना.

"फांदी नव्हती," तो म्हणाला.

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"ओसरीवर मी नाही म्हटलं ना त्याला, तेव्हापासून ते आत टोचत होतं. दलदलीवर बसलो तर समोर थोरला नाही, अल्गोतचं तोंडच दिसत होतं. म्हटलं, देवा, याला पाठव, पण मी मारणार नाही. पुढे अल्गोत आहे. आणि तो आला, इर्मा. इतक्या जवळ आला की श्वास ऐकू येत होता. मी बंदूक मांडीवर ठेवली आणि जाऊ दिला. नियमही मोडला नाही आणि अल्गोतला मिळेल, असं वाटलं. बाराची वाट बघत बसलो. इतकी वाट मी कधी कशाची बघितली नाही. पण त्याला दिसलाच नाही. पाठीमागून गेला."

 सांगू की नको, असं झालं. पण मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्याला दुखवायचंही होतं. मी सगळं सांगितलं. आडवा उभा होता, बंदूक खांद्याला होती, आणि त्याने तुझ्यासाठी सोडला.

हल्वरने आभाळ बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघत होता, लहानपणी मार खाताना बघायचा तसा. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. आमच्या आईच्या मातीलासुद्धा मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

"मी तोंडाने सांगितलं असतं तर," तो म्हणाला. "बोलायचा रेडिओ होता गं दोघांकडे. एक शब्द."

"हाक्याच्या वेळी रेडिओवर बोलायचं नाही, हाही तुमचा नियमच."

"हो."

त्याने टोपी चुरगाळली. मग म्हणाला, "सबंध आयुष्यात त्याने माझ्याकडे एकदाच काही मागितलं, इर्मा. आणि मी त्याला किटली दाखवली."

मी त्याची बहीण आहे. जाऊ दे रे, असं म्हणायला हवं होतं मी. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ते जाऊ देण्यासारखं नव्हतं, म्हणून मी उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.