फुलमतीच्या दूर्वा

आमच्या कॉलेजच्या वीस एकर मैदानाचं गवत फुलमती माळीण कापायची. दूधविनायक मोहल्ल्यातल्या माझ्या घरच्या गणपतीसाठी दूर्वाही तीच मैदानाच्या एका कोपऱ्यातून निवडून द्यायची.

बसून चालवायचं गवतकापणी यंत्र निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी इंजिन पाहिलं, पात्याची रुंदी पाहिली, दुकानात सीटवर बसून मूर्खासारखं स्टिअरिंगही फिरवलं. फुलमतीला एका शब्दानं विचारलं नाही. पहिल्याच दिवशी यंत्रानं तो दूर्वांचा कोपराही सपाट केला. यंत्र आलं म्हणून फुलमतीला कामावरून काढलं. त्या कागदावर सही माझीच.

चतुर्थीला ती माझ्या घराच्या फाटकाशी उभी होती, नदीपलीकडून खुडून आणलेली एकवीस दूर्वांची जुडी घेऊन. "आज चौथ है ना, बाबूजी."

जुडी मी घेतली. देवापुढे मात्र ती वाहायला हात उचलेना.