कागद गुंडाळलेल्या गोळ्या

अन्वरभाईंवर माझा राग आहे, आधीच सांगून टाकतो. माणूस सोन्यासारखा, पण स्वतःचं हित कळेल तर शपथ.

दुबईजवळच्या रास अल खैमातल्या एका नेमबाजी क्लबच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं. मी स्टोअर बघतो, ते बंदुका. रत्नागिरीकडच्या गावात त्यांचे वडील रानडुकरांवर ठासणीची बंदूक चालवायचे, तिथून हा हात आलेला. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, परदेशात हरणांच्या शिकारीला जायचं होतं. तिकडे त्या हंगामात कायद्याने ठासणीचीच बंदूक चालते. आणि अन्वरभाईंना जायचं होतं गावी, लेकीच्या, रुखसारच्या निकाहला. अरबाब म्हणाला, "गोळ्या एका जागी लागू देत, मग खलास, तू सुटलास."

शिशाची गोळी नळीपेक्षा जराशी बारीक घ्यायची, तिच्यावर ओला पातळ कागद दोन वेढे गुंडाळायचा, वाळवायचा. नळीच्या तोंडाशी ठेवून अंगठ्याने दाबली की आत सरकली पाहिजे. सैल राहिली तर नेम भरकटतो, घट्ट झाली तर कागद फाटतो. खोलीत सगळ्या छान बसल्या. बाहेर रेंजवर एक धड जाईना. एसीत मापलेला कागद इथल्या ऑगस्टच्या दमट हवेत फुगला होता. अन्वरभाईंनी फुगलेली गोळी माझ्या हातात ठेवली. "दमलो हो राजनभाऊ," एवढंच म्हणाले.

मग आणखी बारीक गोळ्या घेतल्या, पत्र्याच्या शेडमध्ये घामाने निथळत गुंडाळल्या, तिथेच वाळवल्या, तिथेच मापल्या. मी म्हटलं, "चालतील इतपत करा. फार चांगलं काम केलं की ते गळ्यात पडतं." ते थकल्यासारखं हसले. "हात ऐकत नाही."

सगळ्या गोळ्या मुठीएवढ्या जागेत लागल्या. अरबाबने त्यांना मिठीच मारली. "हबीबी, आता तूच माझ्याबरोबर चल. तिथे बंदूक दुसरा कोण भरणार? व्हिसा मी करतो." अन्वरभाईंनी निकाहची आठवण दिली. "व्हिडिओवर बघ. यल्ला, चल," म्हणत तो गाडीत बसला. माझं डोकं असं फिरलं! पण मी तरी काय बोललो? दोघांचे व्हिसा त्याच्याच हातात.

संध्याकाळी माझ्यासमोरच त्यांनी घरी फोन लावला. रुखसारने उचलला.

"नाही जमत गं यायला," अन्वरभाई म्हणाले. "गोळ्या अजून नीट बसत नाहीत. तुझ्या अब्बाचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही."