न बघितलेला पाय

"शेवटचं जेवलात कधी? खरं सांगा काका, मी काही पोलीस नाही."

"परवा दुपारी," बसचालक हसत म्हणाला. "पण पाणी पितोय की! आज साखरेची तपासणी ना. दर महिन्याला आधी दोन दिवस पोटाला सुट्टी देतो. आकडा कसा शहाण्यासारखा खाली बसतो."

सिस्टरच्या हातातला चिमटा थांबला. "दर महिन्याला?"

"पाच महिने झाले. आकडा वर गेला की तुमचं तोंड एवढंसं होतं हो. एवढा घसा कोरडा करता आमच्यासाठी, म्हटलं बाईला तेवढंच बरं वाटेल."

तिनं मान खाली घातली आणि पायाला चिकटलेला मोजा पाण्यानं भिजवू लागली. बूट घट्ट होतो एवढीच त्याची तक्रार होती. मोजा सुटला तेव्हा अंगठ्याखाली बोट शिरेल एवढं भोक दिसलं, कडा काळ्या पडलेल्या. बुटातून खडा निघाला. किती दिवस तो त्याच्यावर उभा होता कुणास ठाऊक. त्याला काही जाणवलंच नव्हतं.

एकोणीस वर्षं ती या ड्रेसिंगच्या खोलीत होती. एक टेबल, एक नळ, आणि रस्त्यावरून कुणी डोकावू नये म्हणून पांढऱ्या रंगानं लिंपलेली काच. बाहेरच्याला आत दिसत नसे तसं तिलाही बाहेरचं दिसत नसे. साखरेच्या आजाराची माणसं तिच्यासमोर खालून वर संपत जायची. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघा. तिचा हात इतका हलका की दुसरीनं पट्टीला हात लावला तर पेशंट गळा काढायचे. सगळे तिला पट्टीताई म्हणत. या कौतुकानंच तिला खोलीत खिळवून टाकलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एक बाई टेबलावर पडल्या पडल्या फुशारकीनं म्हणाली होती, "मी चहा बिनसाखरेचा घेते हं." सोबत काय, असं सिस्टरनं सहज विचारलं, तर सहा बिस्किटं. सात महिने त्या पायाला ती रोज पट्टी बांधत होती, पण बाई खाते काय हे एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिला स्वतःचीच शरम वाटली. मग तिनं आहाराचं शिक्षण घेतलं, पोरीच्या वयाच्या मुलींबरोबर बसून परीक्षा दिली. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर दोन बाकं मांडून ती सांगू लागली की अर्धं ताट भाजीचं, धान्य मुठीएवढं, जेवल्यावर चाला, वेळेवर झोपा. आणि स्वतः मात्र उभ्या उभ्या बिस्किटं कोंबायची. सासू म्हणायची, "जगाची ताटं लावून झाली असतील तर स्वतःच्या ताटावरचं झाकण काढ, बाई."

आज बारा वाजता मोठे डॉक्टर ठरवणार होते. आहाराच्या सल्ल्यासाठी दाराजवळची लहान खोली तिला पूर्णवेळ मिळाली, तर माणूस टेबलावर यायच्या आधीच तिच्यासमोर बसला असता. फाईल तयार होती. अकरा जणांचे उतरलेले आकडे, आणि सगळ्यांत वर बसचालकाचा कागद.

पाच महिने तो बाकावर तिच्यासमोर बसला, पण बूट काढा असं ती कधी म्हणाली नाही. टेबलावरच्यांचे पाय आणि बाकावरच्यांची तोंडं, अशी तिनं वाटणीच करून टाकली होती.

पट्टी झाली. "यापुढे उपाशी राहून माझ्याकडे यायचं नाही," ती म्हणाली. "आधी खाऊन घ्या. मग सर्जनला दाखवायचंय."

"रागावलात?"

"तुमच्यावर नाही."

दाराशी उभी असलेली आया सगळं ऐकत होती. तो लंगडत बाहेर गेल्यावर ती कुजबुजली, "त्याचा कागद काढून टाका ना ताई. दहा काय, अकरा काय. कोण मोजतंय?"

काढला असता तर खोली मिळाली असती. पण उरलेले दहा काय खाऊन, की न खाता, खाली आले होते?

डॉक्टरांच्या टेबलावर तिनं फाईल ठेवली आणि आधी वरच्या कागदाचीच गोष्ट सांगितली. डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

"मग या आकड्यांना अर्थ काय?"

"मला माहीत नाही सर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी सगळ्यांची करावी लागेल. तिथं दोन दिवसांचा उपास चालत नाही."

"करा. आकडे आणा, मग बघू. तोवर ड्रेसिंगला तुम्हीच. तुमच्यासारखा हात आहे कुणाचा?"

तीन महिने. मग पुन्हा "बघू". हे "बघू" तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. दार ओढून घेताना तिला वाटलं, तोंड मिटून बसले असते तर आज सुटले असते. हे वाटल्याचाही राग आला.

ड्रेसिंगच्या खोलीबाहेर सात जण बसले होते. पहिला कपाळाला आठ्या घालून आत आला, डाव्या पायाची पट्टी पुढे करून टेबलावर चढला.

"उजवा बूट काढा."

"अहो ताई, जखम डाव्याला आहे."

"दिसतंय मला. काढा."

तो पुटपुटत नाडी सोडू लागला. तिनं हात धुतले, दिवा खाली ओढला आणि वाकली.