चार उरलेले ठिपके

"म्हातारा त्या वादळाच्या दिवशी थोडी टाकून आला असेल. उडव ते चार आकडे," सर हसत म्हणाले. म्हातारा, म्हणजे बाबलकाका, ऑफिसच्या दारातच भरतीची वही घेऊन उभे होते. धक्क्यावरच्या खांबावर पाणी किती चढलं, ते दर तासाला वाचून लिहिणं हे त्यांचं काम.

माझं काम त्या आकड्यांवर रेषा बसवण्याचं. चंद्राची एक लाट, सूर्याची एक, ऋतूंची एक. अशा साइन-कोसाइनच्या लाटा मिळवत गेलं की समुद्राचं वर्षभराचं चढणं-उतरणं एका रेषेत येतं. फक्त वादळाच्या दुपारचे चार ठिपके रेषेच्या वर एकटे उरले होते. ते काढले की रेषा सुरेख बसत होती. गावाच्या बांधाची उंची याच रेषेवरून ठरणार होती.

जे पुन्हा पुन्हा येतं, तेच लाटांच्या बेरजेत मावतं. एकदाच येऊन सगळं नेणारं कशात मिळवायचं? त्या दुपारी काका खांबापाशी आकडे लिहीत होते आणि तिकडे त्यांच्या घरात काकू बुडाल्या. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेवर काकांनी अजून चुना लावू दिलेला नाही. गेल्या रविवारी मी धक्क्यापासून पातळी धरून ती खूण मोजली. वहीतल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी ती जुळली.

काकांनी वही मिटून छातीशी धरली. इंग्रजी शाळेपासून मराठीत माझी जीभ अडखळते, म्हणून एरवी ऑफिसात मी गप्पच असते.

"सर," मी म्हणाले, "ते आकडे मी काढणार नाही."