एका लडीपुरती बरोबरी

परवा पनवेलच्या बाजारात कुणीतरी फटाक्यांची लड लावली आणि त्या दारूच्या वासानं मी थेट ओवे गावात, आत्याच्या घरी पोहोचलो. दोन हजार सतरा साल होतं, सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल वर्ल्डकप चालू होता आणि भारत त्यात पहिल्यांदाच खेळत होता. कोलंबिया एका गोलनं पुढे होती, सामना संपत आला होता, आणि कॉर्नरवर आपल्या पोरानं असं हेडर मारलं की बॉल थेट जाळ्यात! वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल! आम्ही सगळे ओरडत अंगणात धावलो, दिवाळीसाठी आणलेली लड पेटवली आणि धुरात वेड्यासारखे नाचलो.

आत आलो तर स्कोअर दोन-एक. आम्ही लड लावत होतो तेव्हाच त्यांनी पुन्हा गोल केला होता. गुडघे दुखतात म्हणून टीव्हीसमोर एकट्या राहिलेल्या आत्यानं तो पाहिला होता.

"आत्या, हाक नाही का मारायची?"

"तुमी नाचत व्हते," ती म्हणाली. "कसा सांगू?"

तेव्हा मी तिच्यावर चिडलो होतो. त्या संघाच्या नावावर तीन सामने, तीन पराभव आणि तो एकच गोल आहे. पण लड संपेपर्यंत आमच्या अंगणात बरोबरी होती, आणि ती एकट्या आत्यानं राखली होती.