चिंचेने उजळलेली राजपदकं

दोन हजार सहा साली आम्ही म्युनिकला राहत होतो. खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटेच राहायचे. जन्मभर धातूवर कोरीवकाम केलेले, आता निवृत्त. बव्हेरियाच्या जुन्या राजांनी दिलेल्या पदकांच्या हुबेहूब प्रतिकृती ते संग्राहकांसाठी घरीच बनवायचे. कोणी फसू नये म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर ‘नक्कल’ असा बारीक शिक्का मारायचे. कोरं पितळ मात्र त्यांना बघवत नसे. कसलंसं औषध लावून, पुसून, पुन्हा लावून ते एकेक पदक आठवडेच्या आठवडे काळवंडवत बसायचे, तेव्हा कुठे ते शंभर वर्षांचं दिसायचं. मला हा उद्योग रिकामटेकडा वाटे, पण आजोबा मला फार आवडायचे. माझं मोडकंतोडकं जर्मन न हसता ऐकून घेणारे त्या इमारतीत तेवढे एकच होते.

त्या सप्टेंबरच्या शेवटी ते खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेले. टेबलावर बारा पदकं मांडलेली होती. महिन्याभराने संग्राहकांच्या मंडळात ती मांडायची होती. वर्षभराचं काम होतं ते.

माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला ऑफिसातून यायला उशीर होणार होता, म्हणून पाणी घालायला त्याच खाली गेल्या. बाई कामाला वाघ. मी घरी आले तेव्हा बाराही पदकं आमच्या ओट्यावर, फडक्यावर ओळीने वाळत होती. फिती सोडून बाजूला ठेवलेल्या, पितळ लखलखीत. शेजारी वाटीत चिंचेचा कोळ.

“अहो आई, हे काय केलंत?”

“काय केलं म्हणजे? माणूस दवाखान्यात, आणि घरातलं पितळ काळंठिक्कर. दसऱ्याला असं ठेवतात का?”

मी त्यांना सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. त्या रात्री त्या जेवल्याही नाहीत. मला माझीच लाज वाटली, पण आजोबांना कसं सांगायचं ही धास्ती त्याहून मोठी होती. मी दवाखान्यात दोनदा गेले आणि दोन्ही वेळा झाडांविषयी बोलून परत आले.

आजोबा कुबड्या घेऊन घरी आले त्या दिवशी मात्र दारातच चिंचेसकट सगळं सांगून टाकलं. माझ्यामागे आई शिऱ्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. पदकं परत मांडून ठेवलेल्या टेबलापाशी आजोबा बसले. एकेक पदक उचलायचे, उलटं करून शिक्का बघायचे, खाली ठेवायचे. बाराही पाहिली. मला त्यांच्याकडे बघवेना.

“आल्झो, तर मग,” ते शेवटी म्हणाले, “राजाने ज्या दिवशी हे कोणाच्या छातीवर लावलं, त्या दिवशी असंच दिसलं असणार. मी उगाच त्यांना म्हातारं करत बसलो.”

ते काय म्हणाले, असं आईंनी विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी शिऱ्याची वाटी पुढे केली आणि त्या चक्क रडल्या.

मग आजोबांनी खणातून आणखी एक पदक काढलं, सगळ्यांत काळं, आणि आईंच्या हातावर ठेवलं. चिंच उरली आहे का, असं आजोबांनीच मला विचारलं.