कूलरपुढे न वाजणारा फोन

आईच्या जुन्या फोनची रिंग कूलरच्या घरघरीत ऐकू येईना. शिरपूरला दिलेली बहीण रोज संध्याकाळी फोन करून करून रुसू लागली. “स्वस्तातला आण, पण आवाजाचा आण,” एवढंच आईचं मागणं होतं.

पण घरातला जाणकार मी! आठवडाभर व्हिडिओ पाहिले, कॅमेऱ्यांची तुलना केली. सत्तरीतल्या आईचा फोन गेम खेळताना अडकू नये, याचीही काळजी घेतली. जळगावच्या थंडगार एसी दुकानात रिंग वाजवून पाहिली. अगदी खणखणीत!

घरी कूलर पिठाच्या गिरणीसारखा चालू होता. बहिणीचा फोन येऊन गेला, कुणाला पत्ताही लागला नाही. आई फोन उलटापालटा करत म्हणाली, “भाऊ, यामा बठ्ठं शे, फक्त आवाज नही.” कॅमेऱ्यापासून गेमपर्यंत खरंच सगळं होतं.

आता बहिणीच्या फोनच्या वेळेला आम्ही कूलर बंद ठेवतो. मग फोन खणखणीत वाजतो आणि माझी निवड अचूक ठरते. आई घामाघूम होऊन लेकीशी पोटभर बोलते. मी शेजारी बसून फोनच्या खोक्याच्या झाकणानं तिला वारा घालतो. झाकण मात्र दणकट निघालं.